वर्धेचं पाणी तपासायचं आहे: नमुना कुठला, कधीचा आणि कशासाठी?

वर्धाकाठ
राजुरा-बल्लारपूर पट्ट्यात वर्धेच्या काठावर गाव आहे. फेब्रुवारी सरला की पाण्याचा रंग बदलतो, मार्चपासून काठाला फेस धरतो, मे महिन्यात तर ढोरंही पाण्याला तोंड लावायला मागेपुढे पाहतात. ग्रामसभेनं ठराव घेतला आहे की पाणी तपासायचं आणि अहवाल जोडून तक्रार करायची. लॅबवाला म्हणतो 'ड्रिंकिंग वॉटर'चं पॅकेज घ्या. नदीच्या वरच्या अंगाला कोळसा खाणी, औष्णिक वीज केंद्र, कागद, सिमेंट आणि शहरांचं सांडपाणी असं सगळंच आहे. नेमकं काय तपासायचं, नमुना कुठून घ्यायचा आणि तो अहवाल कुणी मानेल का, एवढं सांगा. कारखाने पाहिजेत की नकोत हा वाद इथं नको. गावातल्या निम्म्या घरांचा पगार तिथूनच येतो.

कोरडवाहू
वाद नको म्हटलं म्हणजे होणारच. खाट टाकून बसलो.

परीक्षानळी
ते पॅकेज घेऊ नका. त्यात पीएच, टीडीएस (विरघळलेले क्षार), कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट असतं. हातपंपाच्या पाण्याला ते ठीक. नदीत कोणाची घाण आहे हे त्यातून कळत नाही. ग्रामपंचायतीत जलजीवनचं किट असेल तर ह्यातल्या बऱ्याच चाचण्या तिथंच फुकट होतात, पैसे कशाला घालवता?

लॅब गाठायच्या आधी एक लिटरची स्वच्छ पारदर्शक बाटली भरा आणि रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी पाहा.

तळाशी काळा गाळ बसला, बोटावर घासला की काजळीसारखा लागला आणि खरखरला, तर कोळशाचा चुरा. करडा, पिठासारखा गाळ बसला आणि वर पांढुरकी भुकटी तरंगत राहिली तर राख. ती भुकटी म्हणजे राखेतले आतून पोकळ असलेले बारीक गोळे, ते बुडत नाहीत. पाणी काळं पण गाळ मऊ, झाकण उघडताच सडक्या अंड्याचा वास, तर सांडपाणी कुजलं आहे. तो काळेपणा लोखंडाच्या सल्फाइडचा असतो. आणि पाणी कोऱ्या चहासारखं, रात्रभर ठेवूनही रंग हटत नाही, गाळण कागदातून काढलं तरी तसंच, तर तो विरघळलेला रंग आहे. लाकूड-बांबूच्या लगद्यातलं लिग्निन असा रंग देतं.

फेसावरून मात्र निष्कर्ष काढू नका. फेस साबणाचाही असतो आणि शेवाळ सडल्याचाही.

राखुंडी
परीक्षानळींनी बरोबर सांगितलं. राखेचं थोडं अधिक सांगतो, कारण ह्या भागात करडं पाणी दिसलं की सगळे 'पाइप फुटला' म्हणून मोकळे होतात.

आपल्याकडच्या कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते. ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण भारावर दिवसाला साधारण ८,४०० टन कोळसा खातो, ३५ टक्के धरले तरी २,९०० टनांवर राख. कोरडी उचलली नाही तर ती पाण्यात कालवून पाइपनं राख बंधाऱ्यात सोडतात. पातळ स्लरीत एक टन राखेमागं आठ-दहा टन पाणी सहज जातं. राख खाली बसते, वरचं निवळ पाणी पंपानं पुन्हा केंद्रात न्यायचं, असा कागदावरचा नियम. नदीत राख येते ती मुख्यतः तीन ठिकाणांहून.

पहिलं, पाइप. राख जड असल्यामुळं पाइपाचा तळ झिजतो, वरचा भाग नवाच राहतो. म्हणून ठरावीक तासांनी पाइप स्वतःभोवती फिरवून झिजलेली बाजू वर घ्यायची असते. ते टळलं की आधी बाक आणि जोड गळतात. अशी गळती जवळच्या नाल्यात उतरते आणि नाल्याच्या दोन्ही काठांना करडा थर सोडून जाते. तो थर नंतरही दिसतो, त्याचे फोटो काढून ठेवा.

दुसरं, परतीचे पंप. पंप बंद पडला किंवा बंधाऱ्यात जागा उरली नाही की निवळायला वेळ न मिळालेलं पाणी सांडव्यावरून जातं.

तिसरं, बांध स्वतः. जुन्या राखेवरच नवा बांध चढवत नेतात. पायथ्याशी पाझर वाढला आणि पाझराचं पाणी गढूळ यायला लागलं तर आतून माती वाहून चालली आहे असं समजायचं. पाझर स्वच्छ असेल तोवर तेवढी चिंता नाही. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळ्याचा राख बंधारा फुटला तेव्हा राख कोलार नदीमार्गे कन्हान नदीपर्यंत गेली होती.

आणि पॅकेजमध्ये नसलेली एक चाचणी आवर्जून करा: बोरॉन. राखेच्या पाण्यात ते विरघळतं, सांडपाण्यात फारसं नसतं. सोबत सल्फेट. दोन्ही वाढलेले दिसले तर राखेकडं बोट दाखवता येतं. नुसतं सल्फेट आणि कठीणपणा वाढला, बोरॉन नाही, तर खाणीच्या उपशाचं पाणी असण्याची शक्यता जास्त.

पगारदार
म्हणजे शेवटी कारखानेच दोषी! शहरांच्या सांडपाण्याबद्दल कोणी बोलत नाही. झरपट नदीत काय सोडलं जातं ते चंद्रपूरकरांना विचारा. झरपट इरईत, इरई हडस्तीजवळ वर्धेत. गावापर्यंत येणारी निम्मी घाण संडास-मोरीची आहे.

वर्धाकाठ
निम्मी हा आकडा कुठून आला?

पगारदार
अंदाज.

गणिताचा_तास
अंदाज कशाला? मोजता येतं. टेप, मोबाइल आणि एक संत्रं पुरे.

नाला नदीला मिळण्याआधी सरळ वाहतो असा दहा मीटरचा तुकडा निवडा. रुंदी मोजा, चार-पाच जागी खोली मोजून सरासरी काढा. संत्रं पाण्यात सोडा, दहा मीटरला किती सेकंद लागतात ते पाहा. संत्रं अशासाठी की ते बहुतेक पाण्याखाली राहून तरंगतं, वारा त्याला ढकलत नाही. तळाशी पाणी हळू चालतं, म्हणून वेगाला ०.८५ नं गुणा.

समजा नाला २ मीटर रुंद, ०.३ मीटर खोल, संत्र्याचा वेग सेकंदाला ०.४ मीटर. २ × ०.३ × ०.४ × ०.८५ = ०.२०४ घनमीटर प्रति सेकंद, म्हणजे दिवसाला सुमारे १७६ लाख लिटर. बीओडी, म्हणजे घाण कुजवताना जंतू जेवढा ऑक्सिजन खातात त्याचं माप, लिटरला ४० मिलिग्रॅम आला तर रोजचा भार सुमारे ७०५ किलो. प्रत्येक नाल्याचा असा भार काढला की निम्मं कोणाचं ते कळतं.

पण खरी गोम पुढं आहे. उन्हाळ्यात नदीत २ घनमीटर प्रति सेकंद प्रवाह आहे आणि वरच्या पाण्याचा बीओडी २ आहे असं धरा. हा नाला मिसळल्यावर नदीचा बीओडी साडेपाच होतो. आंघोळीच्या पाण्याची मर्यादा ३. आता नाल्यानं नियम पाळला, बीओडी ४० ऐवजी बरोबर ३० ठेवला, तरी नदी ४.६ वर येते. सोडणारा नियमात आणि नदी नियमाबाहेर! नियम लिटरमागं किती एवढंच विचारतो, दिवसाला किती किलो हे विचारत नाही. पावसाळ्यात २०० घनमीटर वाहताना हाच नाला हुडकूनही सापडणार नाही. म्हणून ऑगस्टमधला चांगला अहवाल कोणी तोंडावर फेकला तर त्याला एप्रिलचा मागा.

कोरडवाहू
संत्रं शेवटी खायचं नाही हे लिहा. नागपुरी माणसाचा भरवसा नाही.

ढिवरपुरा
सगळे नमुना दुपारी घेतात न जी, अन् मंग म्हणतात पाण्यात ऑक्सिजन भरपूर. शेवाळाचं पाणी दुपारी ऑक्सिजन सोडते, म्हणून लिटरला दहा-अकरा मिलिग्रॅमही निघतो. रात्री तेच शेवाळ ओढून घेते. मासोळी मरते पहाटे. ज्याला खरं पाहाचं असन त्यानं दिस निघाच्या आधी जावं. मासोळ्या वर येऊन तोंड उघडझाप करत असन तर समजा संपलं. मरळ टिकते, ते वरची हवा घेते. कतला-रोहू आधी जाते. म्हणून 'मरळ तर जिती आहे' हा पुरावा नाही होत.

अन् पहिल्या पावसात मासे काहून मरते? मिरगाच्या सरीनं नाल्यातला सालभराचा गाळ एकाच दिवशी नदीत उतरते. लोक म्हणतात कोणी जहर टाकलं. दरवेळी जहर नसते.

परीक्षानळी
ढिवरपुरा, लाख बोललात. पाणी ३० अंशांवर असेल तर त्यात जास्तीत जास्त साडेसातच्या आसपास ऑक्सिजन मावतो. दुपारी दहा आला तर ते चांगल्या पाण्याचं नाही, शेवाळाचं लक्षण. मासेमारीसाठी किमान ४ आणि आंघोळीसाठी ५ धरतात.

विरघळलेला ऑक्सिजन बाटलीतून लॅबला नेऊन चालत नाही, वाटेतच बदलतो. ३०० मिलिची बीओडी बाटली बुडबुडा न येऊ देता काठोकाठ भरायची, जागेवरच २ मिलि मँगनीज सल्फेट आणि २ मिलि अल्कली-आयोडाइड-अझाइड घालायचं, पिपेटचं टोक पाण्याखाली धरून. बूच लावून उलटसुलट करा. तपकिरी साका आला तर ऑक्सिजन आहे. साका पांढराच राहिला तर नाही, आणि एवढं तर सरपंचांनाही जागेवर दिसतं. साका बसल्यावर २ मिलि सल्फ्युरिक आम्ल. पुढचं टायट्रेशन लॅबमध्ये काही तासांनी झालं तरी चालतं.

बाकीच्या बाटल्या:
बीओडीसाठी काठोकाठ भरून बर्फात, २४ तासांच्या आत लॅबमध्ये. सीओडीच्या (रसायनानं घाण जाळायला लागणारा ऑक्सिजन) बाटलीत सल्फ्युरिक आम्लाचे थेंब. जड धातूंना प्लास्टिकची बाटली आणि नायट्रिक आम्ल, पीएच २ च्या खाली. बोरॉनला काचेची बाटली अजिबात नको, चांगल्या काचेतच बोरॉन असतं! तेल-ग्रीसला उलट काचच हवी. जंतूंच्या बाटल्या लॅबकडून निर्जंतुक आणा, विसळू नका, वर थोडी हवा राहू द्या.

बाटल्या आणि आम्ल लॅबच देते, आधी मागायचं असतं. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत नमुना नेला की अर्धे आकडे वाया.

वर्धाकाठ
सीओडी आणि बीओडी दोन्ही कशाला? पैसे दुप्पट लागतात.

परीक्षानळी
दोन्हींचं प्रमाणच बोलतं. घरगुती सांडपाण्यात सीओडी बीओडीच्या दोन-अडीच पट. चार पटींच्या वर गेला तर जंतूंना न पचणारं काहीतरी आहे, म्हणजे बहुधा कारखाना. पगारदार आणि तुमचा वाद ह्या एका भागाकारानं मिटेल.

पगारदार
मिटला तर मला आवडेल. पण नदीत मिसळल्यावर ते प्रमाण कसं टिकेल?

परीक्षानळी
टिकत नाही, म्हणूनच नमुना नाल्याच्या तोंडाशी, नदीत मिळायच्या आधी घ्यायचा. चांगला प्रश्न.

वखर
शेतीचं कोणी बोललंच नाही. ओलितासाठी वेगळे निकष आहेत: विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांचं माप) २२५० मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटरपर्यंत, पीएच ६ ते ८.५, बोरॉन लिटरला २ मिलिग्रॅम आणि सोडियमचं प्रमाण, म्हणजे एसएआर, २६ पर्यंत. पण हे २६ आपल्या काळ्या भारी जमिनीला फार सैल आहे. भारी रानात एसएआर दहाच्या पुढं गेला की माती चोपते, पाणी मुरत नाही, वाळली की पापुद्रा धरते.

हिशेब सोपा. अहवालातलं सोडियम (लिटरला मिलिग्रॅम) भागिले २३, कॅल्शियम भागिले २०, मॅग्नेशियम भागिले १२.२. शेवटच्या दोघांची बेरीज निम्मी करून तिचं वर्गमूळ काढा आणि त्यानं सोडियमला भागा. सोडियम २३०, कॅल्शियम ६०, मॅग्नेशियम २४ असेल तर उत्तर साधारण ६.३. चालेल, पण विहिरीच्या पाण्याशी आलटून पालटून द्या.

मिरची आणि संत्र्याला बोरॉन सोसत नाही, जुन्या पानांच्या कडा आधी करपतात. कापूस बराच सोसतो. सांडपाण्याचा अंश असेल तर पालक, कोथिंबीर, मुळा असं कच्चं खायचं काही नदीच्या पाण्यावर घेऊ नका. आणि ठिबक असेल तर राखेचं पाणी डिस्क फिल्टर तासाभरात चोंदवतं, आधी सँड फिल्टर लागतो.

झाडीपट्टी
विषय वर्धेचा आहे, तरी वैनगंगेचं सांगतो. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला जातं. पुढं गोसेखुर्दचं पाणी अडलेलं. वाहती नदी घाण थोडीफार पचवते, तुंबलेली पचवत नाही. गोसेखुर्दच्या जलाशयात जलपर्णी का माजली ह्याचं उत्तर तिथं आहे: नायट्रोजन आणि फॉस्फरस. जलपर्णी काढून काठावर रचली आणि पावसात पुन्हा वाहून गेली, तर काढण्याचे पैसे दोनदा. काढायचीच तर फुलं येण्याआधी आणि पूररेषेच्या वर टाका.

डांगरवाड्यांचाही विचार करा. उन्हाळ्यात पात्राच्या वाळूत टरबूज-डांगर लावणारे खड्डा खणून झिरपलेलं पाणी घेतात. वाळू गाळ अडवते, विरघळलेलं अडवत नाही. 'झिऱ्याचं पाणी स्वच्छ दिसतं' ह्यावर जाऊ नये.

कोरडवाहू
आमच्याकडं नदीत वाळूच उरली नाही, डांगरवाडी कुठं लावता बाप्पा.

वर्धाकाठ
वाळूचा वेगळा धागा काढा, इथं सुरू झालं तर रात्र होईल. अहवाल कोण मानेल हा प्रश्न राहिलाच आहे.

कलम_एकवीस
तुमच्या अहवालावर थेट खटला उभा राहत नाही. जल अधिनियम १९७४ च्या कलम २१ प्रमाणं कायदेशीर नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी घेतो. सोडणाऱ्याला नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही सील करून सह्या घ्यायच्या. तुमच्या अहवालाचं काम एवढंच, की मंडळानं हे करावं म्हणून भाग पाडणं. म्हणून लॅब पर्यावरण संरक्षण कायद्याखाली मान्यताप्राप्त आहे का ते आधी विचारा. नुसतं एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांची राष्ट्रीय मान्यता, असून भागत नाही, आणि एनएबीएलमध्येही त्या-त्या चाचणीची मान्यता लागते. लॅबला मान्यता असते आणि नेमक्या बोरॉनची नसते, असं होतं.

तक्रार चंद्रपूरच्या प्रादेशिक कार्यालयात, ग्रामसभेच्या ठरावाची प्रत जोडून, पोच घेऊन. मागणी 'कारवाई करा' अशी मोघम नको. अमुक नाला, अमुक ठिकाण, पहाटे, ग्रामस्थांसमोर पंचनामा करून संयुक्त नमुना घ्या, असं लिहा. जल अधिनियमाच्याच कलम ४९ खाली ६० दिवसांची नोटीस देऊन नागरिकालाही न्यायालयात जाता येतं. हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. कारण घडल्यापासून ६ महिन्यांच्या आत जायचं, भरपाईसाठी ५ वर्षं. 'कित्येक वर्षांपासून प्रदूषण आहे' असं अर्जात लिहून लोक स्वतःच मुदत घालवतात.

तक्रारीबरोबरच माहिती अधिकारात तीन कागद मागा: मंडळानं कारखान्याला दिलेलं संचालनाचं संमतिपत्र, वार्षिक पर्यावरण विवरण म्हणजे फॉर्म ५ (दर ३० सप्टेंबरपर्यंत भरायचा असतो), आणि पर्यावरण मंजुरीचा सहामाही पूर्तता अहवाल. संमतिपत्रात दिवसाला किती घनमीटर पाणी सोडायची परवानगी आहे ते छापलेलं असतं. गणिताच्या तासाचं संत्रं त्या आकड्याशी ताडून पाहा. 'शून्य विसर्ग', म्हणजे बाहेर काहीच सोडायचं नाही, असं लिहिलेलं असेल आणि नाला वाहत असेल तर बीओडीचीही गरज नाही.

राखुंडी
कलम_एकवीस, हे शेवटचं वाक्य चौकटीत लावण्यासारखं. एक भर: राखेच्या बाबतीत ३१ डिसेंबर २०२१ ची अधिसूचना पाहा. राख शंभर टक्के वापरली पाहिजे, नाही तर न वापरलेल्या दर टनामागं १,००० रुपये पर्यावरणीय भरपाई. किती राख निघाली आणि किती उचलली हेही माहिती अधिकारात मिळतं.

पगारदार
एवढं सगळं करून होतं काय? २००९ च्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथं आलं. २०१० च्या जानेवारीत नव्या प्रकल्पांवर बंदी आली. नंतर उठली. नदी तिथंच.

गणिताचा_तास
निर्देशांक अख्ख्या पट्ट्याचा होता. त्यात हवा, पाणी, जमीन सगळं एकत्र, कोणत्या नाल्यातून काय आलं हे नाही. त्यामुळंच कोणाचंच नाव येत नाही. नाल्यानिशी किलोचे आकडे आले की गोष्ट वेगळी होते.

पगारदार
बरं. ह्यावर वाद घालत नाही.

कोरडवाहू
नोंद घ्या, धाग्यावर चमत्कार झाला.

वर्धाकाठ
सगळं वाचून बेत ठरवला, चुकत असेल तर सांगा. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शुक्रवारी पहाटे नमुने. ठिकाणं चार: गावाच्या वरच्या अंगाला नाल्यांच्या आधी नदीत एक, दोन्ही नाल्यांच्या तोंडाशी एकेक, आणि खाली घाटावर एक. नाल्यांवर संत्रं. चाचण्या पीएच, वाहकता, गाळ, ऑक्सिजन, बीओडी, सीओडी, सल्फेट, बोरॉन, सोडियम-कॅल्शियम-मॅग्नेशियम. जंतू फक्त घाटावर. जड धातू पहिल्या खेपेला नको, पैसे पुरत नाहीत.

परीक्षानळी
यादी चांगली आहे. खालचा नमुना मात्र एकाच काठाचा घेऊ नका. नाला ज्या काठाला मिळतो त्याच काठानं पाणी दूरवर चिकटून वाहतं, समोरच्या काठाला पत्ताही नसतो. डावीकडं, मधे, उजवीकडं वाहकता मोजा, तिन्ही सारखी आली तर तिथं पाणी मिसळलं आहे. नाही तर आणखी खाली जा. बाटली प्रवाहाकडं तोंड करून, पृष्ठभागाच्या वीतभर खाली बुडवा, आणि नमुना घेणारा बाटलीच्या खालच्या अंगाला उभा हवा, नाही तर त्यानं ढवळलेला गाळ बाटलीत जातो.

आणि शुक्रवार बदला. बीओडीची बाटली २७ अंशांना ३ दिवस ठेवतात. शुक्रवारी लावली तर वाचन सोमवारी, ते जमतं. पण तुमचा नमुना शुक्रवारी दुपारी पोचला आणि शनिवारी लावला तर वाचन मंगळवारी गेलं, आणि रविवारी वीज गेली तर इन्क्युबेटर पाहायला कोणी नसतं. सोमवार किंवा मंगळवार ठेवा.

वर्धाकाठ
मंगळवार केला. बर्फ कुठून आणावा? गावात मिळत नाही.

ढिवरपुरा
मासोळी बाजारात पहाटे चारपासून बर्फाच्या लाद्या उतरते. फोडून पोत्यात भरा, वरून भुसा टाका, दुपारपर्यंत टिकते. पण त्या बर्फात बाटली डुबू देऊ नका जी, बूच ओलं झालं तं मासोळीचंच पाणी लॅबमंदी जाईन.